वाटणीतल्या मोटारी

खोली भाड्याने देताना माझं लग्न, पगार, जात यांतलं काहीही न विचारणारे घरमालक मला जन्मात एकच भेटले. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं, मग माझ्या हातातल्या औषधांच्या पेटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टर, विंजेक्शनच्या बाटल्याची रबरी बुचं तुमी टाकून देता का ठिवता?"

टाकून देतो, असं मी सांगितलं.

"हितून पुढं टाकू नका," ते म्हणाले, आणि त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी तेव्हा दूध संघात जनावरांचा डॉक्टर म्हणून नवाच लागलो होतो. मराठवाड्यात, पालीच्या पुढे, बालाघाटाच्या डोंगराला पाठ लावून बसलेल्या एका गावात माझी नेमणूक झाली होती. हे गृहस्थ तिथल्या दूध सोसायटीचे चेअरमन. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. उंच, वाळलेला देह, दोरीने कानाला बांधलेला चष्मा आणि बोटांना कायम कसला ना कसला रंग. चेअरमन म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे पोट उभं राहतं, ते त्यांना अजिबात नव्हतं.

बुचांचं कोडं थोड्याच दिवसांत सुटलं. एका दुपारी ओसरीत आलो, तर बाजेवर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर एक मोटार उभी. वीतभर लांबीची. अंगाला हिंगूळ लावलेला, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तोच. बंपर चांदीसारखा चकाकत होता, तो शिंगांना चिकटवायचा बेगड. मोटारीला बॉनेट नव्हतं, मडगार्डं नव्हती, इंजिन उघडंच बसलेलं. आणि चाकं माझी होती. पुढची पेनिसिलिनच्या बाटलीची, मागची कॅल्शियमच्या बाटलीची. पुढे लहान आणि मागे मोठी असल्यामुळे ती मोटार जागच्या जागी पळत असल्यासारखी वाटत होती.

"ही हाटराड," आबा म्हणाले.

मी म्हटलं, छान आहे, पण बॉनेट बसवायचं राहिलंय. गायीचं तोंड कोणत्या बाजूला असतं असं विचारणाऱ्या माणसाकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग समजावून सांगितलं. तिकडे अमेरिकेत पोरं आजोबाच्या काळातली भंगारात निघालेली मोटार घेतात. तिचं बॉनेट काढून टाकतात, मडगार्डं काढतात, टप कापून बुटका करतात आणि आत भलंथोरलं इंजिन घालतात. मग ती जुनी मोटार नव्यांना मागे टाकते. तिला म्हणायचं हॉट रॉड. तिचीच ही छोटी नक्कल. खोक्यात सुटे भाग मिळतात, आपण जोडायचे.

"माणसानं बी असंच म्हातारं व्हावं," आबा म्हणायचे. "शोभेचं सगळं काढून टाकावं. इंजन तेवढं राखावं."

डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात ही विद्या आली बहात्तरच्या दुष्काळात. बोअर पाडणारी परदेशी यंत्रं तेव्हा मराठवाड्यात फिरत होती, त्यातलं एक आबांच्या शेतात आलं आणि त्याच्याबरोबर एक गोरा यांत्रिक आला. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा ऐन तरुण. यंत्राचा कुठलासा भाग तुटला, नवा येईपर्यंत गोऱ्याला काम उरलं नाही. त्याने कडुलिंबाखालच्या बाजेवर बसून आपल्या ट्रंकेतून एक खोका काढला. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. तरी दुपारच्या दुपार तिघं जण त्या बाजेभोवती डोकी जोडून बसायचे, प्लास्टिकच्या फांद्यांना लगडलेले बारीक बारीक भाग ब्लेडने तोडायचे. उसाची असते तशी आबा त्यालाही 'तोडणी'च म्हणायचे. तोडणी संपली, जोडणी सुरू व्हायची होती, तोवर यंत्राचा भाग आला. बोअरला पाणी लागलं आणि गोरा पुढच्या गावाला निघाला. जाताना खोका दोघा भावांच्या हातांत ठेवून गेला. माणूस मायाळू असावा. नंतरही अधूनमधून परदेशी तिकिटांचं पार्सल यायचं, वर दोघा भावांची नावं आणि आत नव्या हॉट रॉडचा खोका.

इथवर ऐकून मला वाटलं, किती सुखाची गोष्ट आहे. पण मग त्या मोटारीला माझी बुचं का लावावी लागली, हे मी विचारलं, आणि आबा खाली बघून बेगड गुळगुळीत करत राहिले. ते मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं.

आबा वाटणीचे माणूस होते. आसपासच्या गावांत भाऊ वेगळे निघायचे झाले, की आबांना बोलावणं यायचं, अगदी लांबच्या चकलांब्याहूनसुद्धा. थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. वाटे करणाऱ्याच्या मनात पाप येऊ नये म्हणून. आबा पाठीशी बसून असे वाटे करवायचे, की उचलणारा पार घोटाळून जायचा. घरातही तेच. चहा दोन बशांत ओतला की त्या उजेडाकडे धरून बघायचे. पुड्यात एक बिस्किट शिल्लक राहिलं तर ते मोडायचे आणि दोन्ही तुकडे माझ्यापुढे धरायचे, त्यातला मी आधी उचलायचा.

"ह्यांनी घरात वाटायचं काय ठिवलं न्हाई," काकू म्हणायच्या. "मीच तेवढी सबंध ऱ्हायले."

वडील गेल्यावर आबांच्या घरी वाटणी कुणी मागितली नव्हती. आबांनीच ठरवलं, की गोडी आहे तोवर वाटून घ्यावं. थोरले म्हणून वाटे त्यांनीच केले. एका वाट्यात घर आणि वरचं रान, दुसऱ्यात बोअर आणि ओढ्याकाठचं रान. जनावरं, भांडी, घोंगड्या, सगळं सारखं. शेवटी उरला गोऱ्याचा खोका. तो दोघांना दिलेला, तेव्हा तोही वाटायला हवा. आबांनी मोटारीचा सांगाडा आणि टप घराच्या वाट्यात ठेवला, इंजिन आणि चाकं बोअरच्या वाट्यात. पंचांना हसू आलं होतं म्हणतात, पण आबांपुढे हसायची कुणाची टाप नव्हती. धाकटा बराच वेळ उभा राहिला आणि त्याने बोअरचा वाटा उचलला. त्याच आठवड्यात तो बायको घेऊन ओढ्यापलीकडे वस्तीवर राहायला गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. लग्नाच्या पंगतीत एक या टोकाला बसायचा, दुसरा त्या टोकाला.

आबांनी याचा अर्थ एकच काढला. धाकट्याला वाटतंय की त्याला कमी गेलं. म्हणून नंतर आलेलं प्रत्येक पार्सल ते बाजेवर उघडायचे, भागाला भाग जुळवून दोन ढीग करायचे, एक ढीग कागदात बांधून वर सुतळी आवळायचे आणि वस्तीवरून दूध आणणाऱ्या माणसाबरोबर पाठवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्याला विचारायचे, पोचलं का? पोचलं. काय म्हनला? काय न्हाई. आबा मान हलवायचे आणि आपल्या अर्ध्या मोटारीला बसायचे. गेलेल्या निम्म्याच्या जागी माझी बुचं, ज्वारीच्या चिपाडातला मऊ भेंडा, सीताफळाच्या बिया, बेगड. चिकटवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. फळीवर अशा कितीतरी मोटारी ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक निम्मी परदेशी आणि निम्मी बालाघाटातली.

"तिकडं त्यो बी करीतच आसंल," ते मधेच म्हणायचे. "त्याचा हात माझ्यापरीस हलका हाय. टपाच्या जागी त्यानं काय लावलं आसंल, डॉक्टर?"

त्यांना उत्तर नको असायचं. ओढ्यापलीकडच्या लिंबाच्या शेंड्याकडे ते बघत राहायचे आणि तिथल्या कुठल्याशा फळीवर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या मोटारी त्यांना दिसत असायच्या. एकदा त्यांनी सरळच सांगून टाकलं. मरायच्या आधी धाकट्याने एकदा दादा म्हणून हाक मारावी, बाकी आपल्याला काही नको.

एकदा त्यांनी मला मोटार बघायला शिकवलं. "उभ्यानं काय दिसतंय? हनुवटी बाजेला टेका, एक डोळा झाका." सोसायटीचे चेअरमन आणि संघाचा डॉक्टर, दोघे भरदुपारी ओसरीत गुडघ्यांवर. मला लाज वाटली. मग हळूहळू ती मोटार वाढत गेली. वर्तमानपत्राचा रस्ता झाला, अक्षरांची खडी झाली, अंगण ओलांडून तो रस्ता थेट डोंगराला जाऊन भिडला. उन्हाने हवा थरथरत होती आणि मी शपथेवर सांगतो, मोटार चालली होती. आबा शेजारून हळू आवाजात सांगत होते, की ही आता कपिलधारला जाते, तिथून घाट उतरते, पुढे कुठे जाते ते अजून बघितलं नाही. "आत दोघं बसत्यात," ते म्हणाले. "मी आपला एकटाच जातो." त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही दोघेही उठलो नाही.

मोटारीच्या अंगावर जाळाचं चित्र लावायचं असे. ते पातळ कागदावर छापलेलं यायचं आणि ताटलीभर पाण्यात भिजवल्याशिवाय सुटायचं नाही. काकू पाणी आणून द्यायच्या, आबा कागद सोडायचे, आणि थोड्या वेळाने तांबडा-पिवळा जाळ कागदापासून सुटून पाण्यावर तरंगायला लागायचा. आबा तो बोटाने उचलून मोटारीच्या कुशीवर सोडायचे आणि उरलेलं पाणी तुळशीला जायचं. पुढे पाण्याची ओढ लागली तेव्हा त्यांनी स्वतःच हे बंद केलं. त्या काळातल्या मोटारींवर जाळ नाही.

सोसायटीत मात्र हा माणूस जागा असायचा. दुधात पाणी सापडलं तर आवाज चढवायचे नाहीत. "तुमच्या म्हशीला पाणी लई गोड लागायलंय जणू," एवढंच म्हणायचे, आणि तो माणूस पुढचे काही दिवस घट्ट दूध आणायचा. वार्षिक सभेत दोन्ही पॅनेलची माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली, की आबा पिशवीतून मोटार काढून टेबलावर ठेवायचे आणि एका बोटाने काठाकडे ढकलायला लागायचे. आता पडते की मग पडते, म्हणून सगळी सभा बघत राहायची. तेवढ्या शांततेत ठराव वाचून मंजूर होऊन जायचा.

मी तिथे असतानाच पाऊस एकामागून एक हुकत गेला. बिंदुसरेच्या धरणाचा तळ उघडा पडला, गावातल्या विहिरींत पोरं उतरून खेळायला लागली. दूध निम्म्याच्याही खाली आलं. सोसायटीने माळावर सभासदांच्या जनावरांसाठी छावणी काढली. साखर कारखान्याकडून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, ट्रकने यायचं, पण पाण्याचा टँकर आला तर आला. मी दिवसभर छावणीतच असायचो. डोळे खोल गेलेल्या म्हशी, बसली की शेपूट धरून उठवावी लागणारी गाय. माझ्या पेटीतल्या कुठल्याच औषधाचा त्यावर उपयोग नव्हता. त्यांना फक्त पाणी हवं होतं.

पाणी कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोऱ्याने पाडलेली बोअर अजून आटली नव्हती. घागर घेऊन जाईल त्याला धाकटा नाही म्हणत नसे. पण छावणीला पाइप टाकायचा, दिवसभर मोटर चालवायची, तर सोसायटीच्या चेअरमनने जाऊन शब्द टाकायला हवा होता. मंडळी आबांकडे आली. आबा म्हणाले, "वाटून दिलेलं माघारी मागायचं नसतं." मंडळी म्हणाली, स्वतःसाठी नका मागू, मुक्या जनावरांसाठी मागा. आबा म्हणाले, बोअर त्याच्या वाट्यात मीच घातली, आता कोणत्या तोंडाने मागू? मला राग आला. मीही बोललो, की तत्त्व सांभाळून तुम्ही घरात बसाल आणि तिकडे गाय जाईल. ते फक्त "खरं हाय" म्हणाले आणि हातातलं बूच फिरवत राहिले. त्यांना जेवण जात नव्हतं हे मला काकूंकडून कळलं.

नेमकं त्याच दिवसांत पार्सल आलं. आबा बाजेवर वाटे करत बसले होते. काकू चुलीपुढून उठून आल्या आणि त्या दोन ढिगांकडे बघत उभ्या राहिल्या.

"तिकडं जितराब पाण्यावाचून मरायलंय," त्या म्हणाल्या, "आन तुमी चाकं वाटीत बसलाव. पाणी नका मागू. ह्या डावाला पुडकं तुमीच नेऊन द्या. वाटा द्यायला तर जाता येतं का न्हाई?"

आबांनी वर पाहिलं. ही पळवाट त्यांच्या न्यायात बसत होती. त्यांनी सुतळी आवळली, टोपी घातली आणि मला म्हणाले, "डॉक्टर, फटफटी काढा."

ओढा कोरडाच होता, आम्ही पात्रातून गेलो. वस्तीवर धाकटा वासराला दोन बोटं चोखायला देऊन दूध पाजत होता. चेहरा अगदी आबांचा, पण अंगाने भरलेला. आम्हाला बघून तो उभा राहिला. आबांनी पुडकं पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. तो आत गेला, एक पोतं घेऊन आला आणि आमच्या पुढ्यात उपडं केलं. आतून पुडकी पडली. जुन्यांचे कागद पिवळे पडलेले, नव्यांचे अजून पांढरे, आणि प्रत्येकावर आबांच्या हातची सुतळीची गाठ तशीच्या तशी.

"सोडलं बी न्हाईस?" आबांनी विचारलं.

"कावून सोडू?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "वाटणी मी मागितलती का, दादा? घरात ऱ्हा म्हनला असतास तर ऱ्हायलो असतो. मी म्हनलं, जाऊ दे, एकडाव झालं, संपलं. तर तुझी पुडकी यायला लागली. पुडकं आलं की वाटायचं, दादानं आज पुन्हा वाटणी केली."

आबा तिथेच मातीत बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मला वाटलं, तुला कमी गेलं म्हनून रुसलास."

"कमी न्हाई गेलं. लई दिलंस," धाकटा म्हणाला. "दादा, आपुन त्या लिंबाखाली बसलो व्हतो ना, तिघं. तेवढंच पायजे व्हतं."

दादा हा शब्द उच्चारला गेला होता आणि दोघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. वासरू धाकट्याचा हात हुंगत होतं. मग मीच छावणीला पाणी हवं आहे असं सांगितलं.

"मग बोअरीला काय कुलूप हाय का?" धाकटा माझ्यावरच वैतागला. "पायपा आणा. मला कुणी इचारायला तर पायजे."

पाइप दुसऱ्याच दिवशी पडला. हौदात पाणी आलं तेव्हा छावणीत माणसाचा आवाज नव्हता, नुसता जनावरांचा पाणी ओढल्याचा आवाज. मी एका गायीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो आणि मला रडू आलं, हे सांगायला मला काही संकोच वाटत नाही.

त्यानंतर आबा रोज दुपारी चालत वस्तीवर जायला लागले. सुरुवातीला दोघे नुसतेच बसायचे. इतक्या वर्षांचं न बोलणं एकदम कसं मोडणार? पाऊस काय म्हणतो, वाढं संपलं का, एवढ्यावर दोघांचं भागायचं. पुडकी तशीच पोत्यात होती, त्यांना हात लावायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं. काकू म्हणायच्या, म्हाताऱ्यांचं लग्न जमवल्यासारखं चाललंय.

मग गोऱ्याचं आणखी एक पार्सल आलं. आबांनी ते उघडलं नाही. तसंच काखोटीला मारलं आणि ओढा उतरून गेले. मी छावणीतून परत येताना वस्तीवर डोकावलो, तर त्याच जुन्या लिंबाखाली बाज होती, बाजेवर खोका फोडलेला होता, आणि दोन्ही भावांची डोकी जवळ जवळ. आबा ब्लेडने तोडणी करत होते. धाकट्याशी काहीतरी बोलत होते, आणि त्यांचा हात मात्र जन्माच्या सवयीने चालला होता. एक चाक या बाजूला, एक त्या बाजूला. एक दिवा इकडे, एक तिकडे. बोलता बोलता बाजेवर दोन ढीग झाले, अगदी सारखे. त्यांचं त्यांना कळलं नव्हतं.

धाकट्याने ते पाहिलं. त्याने आपल्यापुढचा ढीग पंजाने सरकवला, आबांच्या ढिगात घातला आणि दोन्ही हातांनी सगळं कालवून टाकलं.

आबांचा हात थांबला. ते त्या एका ढिगाकडे पाहत राहिले.

"आता न्हाई कळायचं, कुणाचं कोणतं," ते म्हणाले.

"न्हाई कळलं तर बरंच हाय," धाकटा म्हणाला. "ते सोल्युशन दे हिकडं."